कळलावी: या नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की कुंपणावरच्या एका वेलीचे फोटो यायला लागतात आणि त्यांच्यासोबत तेच ते प्रश्न. "हिला कळलावी का म्हणतात?" इथपासून "आमची आजी हिला बचनाग म्हणते, मग बरोबर कोण?" इथपर्यंत. एकेकाला सुटं उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एकत्र लिहिलं आहे. कुठलंही उत्तर वेगळं काढून वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. विषबाधेबद्दल घाईने काही हवं असेल तर आधी प्रश्न १८ वाचा.

१. कळलावी म्हणजे नेमकं कोणतं फूल?

कळलावी ही जमिनीत कंद असलेली पावसाळी वेल. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पहिल्या पावसानंतर कंदातून कोंब वर येतो, वेल शेजारच्या झुडपाला धरून चढते, श्रावण-भाद्रपदात फुलते आणि पाऊस सरला की वाळून जाते. कंद जमिनीखाली जिवंत राहतो. कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर, शेताच्या बांधावर, करवंदीच्या जाळीत ती सहज दिसते. उन्हाळ्यात तिच्या जागेवर जाऊन पाहिलं तर तिथे काही होतं यावर विश्वास बसत नाही.

ओळखायच्या दोन खुणा. एक म्हणजे पानाचं टोक. लांबट पान पुढे निमुळतं होत जातं आणि त्याचं टोक स्प्रिंगसारखं वळतं. त्या वळलेल्या टोकानेच वेल आधार पकडते. दुसरी खूण फुलाची ठेवण. फूल मान खाली घालून असतं, पण त्याच्या सहा नागमोडी कडांच्या पाकळ्या उलट्या वळून वर उभ्या राहतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाजूंना पसरतात आणि स्त्रीकेसराची दांडी काटकोनात एकीकडे वळलेली असते. ही काटकोनातली दांडी एकदा नीट पाहून ठेवा. मग दुसऱ्या फुलाशी गल्लत होत नाही.

२. आमच्याकडे पिवळी आणि लाल अशा दोन कळलाव्या आहेत. दोघींना एकच नाव कसं?

बहुतेक वेळा ती एकच वेल असते. फूल उमलतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं, मग पाकळ्यांच्या टोकाकडून शेंदरी चढत जाते आणि काही दिवसांत सगळं फूल गडद लाल होतं. त्यामुळे एकाच वेलीवर पिवळी, दुरंगी आणि लाल फुलं एकाच वेळी दिसतात. नाव तिन्ही अवस्थांना एकच.

३. "कळलावी" या नावाचा अर्थ काय?

"कळ लावणारी" ती कळलावी. नाव मराठीच आहे, फोड सरळ आहे. अडचण "कळ" या शब्दाची आहे, कारण मराठीत त्याचे एकाहून अधिक अर्थ आहेत आणि त्यांतले दोन या वेलीला चपखल बसतात.

एक कळ म्हणजे भांडण, आगळीक. कुणाची कळ काढणं, दोघांत कळ लावून देणं. या अर्थाने कळलावी म्हणजे भांडण लावणारी. हे फूल घरात आणलं की घरात वाद होतात, असा समज अनेक गावांत ऐकायला मिळतो.

दुसरी कळ म्हणजे वेदना, त्यातही बाळंतकळा. अडलेल्या बाळंतिणीला कळा सुरू व्हाव्यात म्हणून हिच्या कंदाचा लेप लावण्याची प्रथा जुनी आहे. या अर्थाने कळलावी म्हणजे बाळंतकळा आणणारी. (तो उपाय आज का करू नये, ते प्रश्न १७ मध्ये.)

४. मग या दोन अर्थांतला खरा कोणता?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणारा बहुतेक वेळा आपली बाजू आधीच ठरवून आलेला असतो. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे.

भांडणाच्या बाजूने संस्कृत उभी आहे. या वनस्पतीचं एक संस्कृत नाव "कलिकारी". कलि म्हणजे कलह, कलिकारी म्हणजे कलह करणारी. "कळलावी" हा जणू त्याचा शब्दाला शब्द लावून केलेला मराठी अवतार. मराठी कानाची साक्षही याच बाजूला जाते. "त्याने कळ लावली" असं नुसतं म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भांडण येतं, दुखणं येत नाही. दुखण्याची कळ येते, उठते, मस्तकात जाते. ती कुणी लावत नाही.

बाळंतकळांच्या बाजूनेही संस्कृतच बोलते. भावप्रकाशासारख्या निघंटूत (औषधी द्रव्यांच्या जुन्या संस्कृत कोशात) हिला "गर्भनुत्" म्हटलं आहे, म्हणजे गर्भाला ढकलणारी. ज्या वनस्पतीचा हा उपयोग शतकानुशतकं माहीत आहे, तिच्या नावातली कळ बाळंतकळ नसेल कशावरून? व्याकरणही आड येत नाही. बाईला कळा लागतात. लागणे या क्रियापदाचं प्रयोजक रूप लावणे. ज्यामुळे कळा लागतात, ती कळा लावणारी.

माझं मत विचाराल तर नावाचा साचा भांडणातून आला असावा, कारण "कळ लावणे" हा वाक्प्रचार त्याच अर्थाने रुळलेला आहे आणि कलिकारी त्याला आधार देते. पण हे नाव टिकलं ते बाळंतकळांमुळे. सुईणीला भांडणाच्या कथेत रस असायचं कारण नव्हतं. तिने तोच शब्द आपल्या कामाच्या अर्थाने घेतला आणि तो तिथेही तितकाच नेमका बसला. म्हणून एक अर्थ खरा ठरवून दुसऱ्याला "लोकांचा गैरसमज" म्हणणं मला पटत नाही. एकाच नावाने दोन पिढीजात अनुभव सांभाळले आहेत.

५. "कळफलक", "कळीचा मुद्दा" यांतली कळ हीच का? आणि फुलाची कळी?

नाही. वेलीच्या नावातली कळ, यंत्राची कळ आणि फुलाची कळी, तिन्ही वेगळ्या. कळफलकातली कळ म्हणजे यंत्राची दाबायची किंवा फिरवायची किल्ली. "कळीचा मुद्दा" म्हणजे जो फिरवला की सगळं कुलूप उघडतं असा मुद्दा, तोही याच कुळातला. न उमललेल्या फुलाची कळी संस्कृत कलिकेवरून आली. "कळलावी म्हणजे कळ्या लावणारी, भरपूर कळ्या येणारी" अशी व्युत्पत्ती एकदोघांनी पाठवली होती. कल्पना गोड आहे, पण तसं असतं तर नाव "कळीलावी" झालं असतं.

६. नारदाला "कळलाव्या" म्हणतात. तो शब्द फुलावरून आला का? आणि बाईला "कळलावी" म्हटलं तर ती शिवी का?

फुलावरून नाही. दोन्ही शब्द "कळ लावणे" या एकाच वाक्प्रचारातून निघाले. कळलाव्या पुरुष, कळलावी बाई, कळलावं पोर, अशी तिन्ही लिंगांत चालणारी ती विशेषणं आहेत. "आगलाव्या" हा शब्द जसा घडला तसाच हा. संस्कृतातही हीच जोडी सापडते. तिथे वेल कलिकारी आणि नारद कलिकारक. म्हणजे मुनी आणि वेल यांची सांगड मराठीच्याही आधीची आहे.

शिवी म्हणाल तर ती सौम्य आहे, पण आहे. नारदाला कळलाव्या म्हणताना त्यात कौतुकाची छटा असते, कारण त्याने लावलेल्या कळीतून शेवटी काही भलं निघतं. शेजारणीला कळलावी म्हणताना ती छटा राहत नाही. फुलाबद्दल बोलत आहात की माणसाबद्दल, हे संदर्भातून स्पष्ट असू द्या. "त्यांच्या घरी कळलावी आली आहे" या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यातला एक पाहुणीला दुखावणारा आहे.

७. हे नाव लिहायचं कसं? कळ-लावी, कळलावी, कललावी?

"कळलावी", एक शब्द, मध्ये रेघ नको. मराठीत ळ आहे, तो वापरा. ल असलेलं रूप बहुधा इंग्रजी लिपीतून परत मराठीत आलेलं असतं. शब्द स्त्रीलिंगी. कळलावीचं फूल, कळलावीला, अनेकवचनी कळलाव्या. फुलालाच कळलावी म्हणायचं असेल तरी स्त्रीलिंगच: "कळलावी फुलली".

८. "गौरीचे हात" म्हणजे कळलावीच का?

हो. वर उभ्या राहिलेल्या लालपिवळ्या पाकळ्या पाहिल्या की हे नाव कुठून आलं ते सांगावं लागत नाही. मेंदी लावलेली, थोडी मुडपलेली बोटंच ती. ज्या घरांत मुखवट्याऐवजी पानाफुलांची गौर बसवतात, तिथे तेरड्याच्या रोपांबरोबर ही फुलंही घेतात आणि ती गौरीचे हात होतात. वेळही जुळते. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात, आणि नेमकी तेव्हा वेल भरात असते.

एक लक्षात ठेवा. "गौरीचे हात" हे नाव प्रामुख्याने फुलाला आहे आणि त्या दिवसांपुरतं ते जास्त ऐकू येतं. कंदाबद्दल बोलताना कुणी "गौरीच्या हातांचा कंद" म्हणत नाही. तिथे कळलावी किंवा खड्यानाग हीच नावं येतात.

९. एकीकडे हे फूल घरात आणलं तर भांडणं होतात म्हणतात, दुसरीकडे तेच गौरीला चालतं. हे कसं?

हा प्रश्न मला फार आवडतो.

लोकांच्या बोलण्यात कळलावी आणि गौरीचे हात ही एकाच वेलीची दोन नावं असली तरी ती एकमेकांच्या जागी येत नाहीत. रानात दिसली, मुलाने तोडून आणायला हात पुढे केला, की म्हणायचं, "अरे, ती कळलावी, आणू नको घरात." भाद्रपदात तीच वेल शोधत सकाळी बाहेर पडायचं तेव्हा म्हणायचं, "गौरीचे हात आणायला जातोय." पहिलं नाव उंबऱ्याच्या बाहेर ठेवतं, दुसरं सन्मानाने आत आणतं.

पहिल्या नावामागे मला शहाणपण दिसतं. लहान मुलं असलेल्या घरात हिच्या बिया किंवा कंद पडून राहणं धोक्याचं आहे. मुलांना विषाची भीती समजावून सांगणं कठीण, भांडणाची भीती चटकन समजते. भांडणाच्या समजुतीचा उगम हाच, असं मी ठामपणे म्हणणार नाही, कारण कलह तर संस्कृत नावातच आहे. पण ज्या घरात ही समजूत पाळली गेली त्या घरातली मुलं या वेलीपासून लांब राहिली, एवढं नक्की.

गौरीसाठी फुलं आणता तेव्हा फक्त फुलं आणा, वेल उपटू नका. पूजेनंतर ती मुलांच्या किंवा गुरांच्या तोंडी लागणार नाहीत अशी मातीत पुरा. वेल सगळीच विषारी आहे, फूलही त्याला अपवाद नाही.

१०. वाघनखी म्हणजे कळलावी की दुसरं काही?

दोन्ही. उलट्या वळलेल्या पाकळ्या कुणाला गौरीची बोटं वाटल्या, कुणाला वाघाची नखं. म्हणून कळलावीला वाघनखी हे नाव आहे. पण "वाघनखी" किंवा "विंचू" म्हणून ओळखलं जाणारं दुसरंही एक रानझाड आहे. मार्टिनिया अ‍ॅन्युआ हे त्याचं शास्त्रीय नाव. ते मूळचं अमेरिका खंडातलं, रुंद चिकट पानांचं, आणि त्याच्या वाळलेल्या काळ्या फळाला दोन आकडे असतात. तिथे नखं फळाला आहेत, इथे फुलाला. बोलणारा फुलाकडे बोट दाखवतोय की फळाकडे, एवढं पाहिलं की उलगडा होतो.

नावाच्या जवळिकीमुळे वाघाटीही या गोंधळात ओढली जाते. वाघाटीच्या फळांची आषाढातल्या द्वादशीला भाजी करतात. तिचा कळलावीशी काही संबंध नाही. "वाघनखी आणि वाघाटी एकच" असं कुणी म्हणत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा, कारण एक भाजी आहे आणि दुसरी विष.

११. आमच्याकडे हिला बचनाग म्हणतात. ते चूक आहे का?

बोलीत ते नाव आहे, म्हणून चूक म्हणणार नाही. पण ते सर्वांत धोक्याचं नाव आहे.

औषधांच्या दुकानात आणि वैद्यांच्या भाषेत बचनाग म्हणजे वत्सनाभ, हिमालयात होणारी वनस्पती. शास्त्रीय नाव अकोनायटम फेरॉक्स. कळलावीचा तिच्याशी नात्याने काही संबंध नाही. दोन्हींचे कंद विषारी, एवढंच साम्य, आणि बहुधा त्यामुळेच हिमालय न पाहिलेल्या मुलखात लोकांनी आपल्या जवळच्या विषारी कंदाला तेच नाव दिलं. गुजरातीतही हिला "दूधियो वछनाग" म्हणतात.

विषं वेगळी आहेत. वत्सनाभातलं अकोनिटीन हृदयावर आणि मज्जातंतूंवर फार लवकर परिणाम करतं. कळलावीतलं कोल्चिसीन काही तास दबा धरून बसतं, मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढे अनेक अवयवांवर परिणाम होतो. दवाखान्यात "बचनाग खाल्ला" एवढंच सांगितलं तर डॉक्टर दुसऱ्याच विषाचा विचार करू शकतात. आयुर्वेदानेही यांना एका पंक्तीत बसवलेलं नाही. वत्सनाभ विषांत मोडतो, तर लांगली म्हणजे कळलावी ही रुई, निवडुंग, धोतरा, कण्हेर, गुंज आणि अफू यांच्यासोबत सात उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत.

घरात बचनाग म्हणत असाल तर म्हणा. औषधाच्या, विषाच्या किंवा खरेदीविक्रीच्या संदर्भात मात्र कळलावी म्हणा.

१२. बचनाग, खड्यानाग यांतला नाग म्हणजे साप का?

बचनागात तरी नाही. वत्सनाभ म्हणजे वासराची नाभी. कंदाच्या आकारावरून पडलेलं ते नाव. बोलताना वत्सचं बच्छ आणि बच झालं आणि नाभचा नाग झाला. विषाच्या कंदाला नागाचं नाव मिळालं तर लोकांना ते बरोबरच वाटणार, म्हणून ते पक्कं झालं. कळलावीच्या खड्यानाग या नावातला नागही त्याच वळणाचा दिसतो. "कंद जवळ ठेवला की साप येत नाही" ही समजूत नावाच्या ओघाने येते. तिच्यावर विसंबू नका.

१३. पुस्तकांत लांगली, हलिनी, विशल्या अशी नावं दिसतात. त्यांचे अर्थ काय?

लांगल आणि हल म्हणजे नांगर. कळलावीचा कंद दोन बाजूंना फुटलेला, वाकड्या कोनात असतो. मातीतून काढून धरला तर नांगराचा छोटा नमुनाच. म्हणून लांगली, म्हणून हलिनी. ही नावं ठेवणाऱ्याने वेल खणून पाहिली होती.

विशल्या म्हणजे शल्य काढून टाकणारी. शल्य म्हणजे शरीरात रुतलेलं काहीही, बाणाचं टोक, काटा. अडलेला गर्भही याच दृष्टीने पाहिला गेला, त्यामुळे विशल्या आणि गर्भनुत् ही नावं एकमेकांना धरून आहेत. पण विशल्या हे नाव इतरही वनस्पतींना आहे, एकट्या त्या नावावरून ओळख पटवू नका.

शक्रपुष्पी म्हणजे इंद्राचं फूल. अग्निशिखा आणि वह्निवक्त्रा ही नावं ज्वाळेसारख्या फुलावरून. आणखी एक गंमत पाहा. हिंदीत रुळलेलं कलिहारी हे नावही संस्कृतच, पण शब्दशः फोडलं तर कलह हरण करणारी असाही त्याचा अर्थ निघतो. एकाच वेलीच्या नावांत भांडण लावणं आणि मिटवणं दोन्ही.

१४. अग्निशिखा म्हणजे केशर ना?

"अग्निशिख" हे केशराचं संस्कृत नाव आहे, "अग्निशिखा" हे कळलावीचं. एका कान्याचा फरक. जुन्या पाठात हे नाव आलं तर पदार्थ खायचा आहे की कंदाचा लेप सांगितला आहे ते आधी पाहा, आणि स्वतः अर्थ लावून प्रयोग करू नका.

१५. हिला लिली म्हणावं का? आणि ग्लोरिओसा सुपर्बाचा अर्थ काय?

रोपवाटिकांत ग्लोरी लिली, फ्लेम लिली ही नावं चालतात. खरी लिली ती नव्हे. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत, आता कोल्चिकेसी हे वेगळं कुळ मानतात. शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलं. ग्लोरिओसा म्हणजे वैभवशाली, सुपर्बा म्हणजे दिमाखदार. जुन्या ग्रंथांत मेथोनिका सुपर्बा दिसलं तर ती हीच.

मला यात एक फरक जाणवतो. लॅटिन नाव ठेवणाऱ्याने तिचं रूप पाहिलं. आपलं नाव ती काय करते हे सांगतं, लाजाळूसारखं, खाजकुइलीसारखं. तिच्या शेजारी राहणाऱ्यांनीच असं नाव ठेवावं.

१६. दुसऱ्या प्रदेशांत हिला काय म्हणतात? तिथेही भांडण आहे का?

हिंदीतली कलिहारी (प्रश्न १३) सोडली तर भांडण मला तिकडच्या नावांत दिसलेलं नाही, नांगर आणि दुखणं मात्र दिसतं. तमिळमध्ये कलप्पै किळंगु म्हणजे नांगराचा कंद, अगदी आपली लांगली. कण्वलि किळंगु म्हणजे डोळेदुखीचा कंद. फुलाचं नाव सेंगांदळ. ते तमिळनाडूचं राज्यफूल आहे. प्राचीन तमिळ संगम काव्यात स्त्रीच्या बोटांना कांदळाच्या पाकळ्यांची उपमा येते. आपल्या गौरीच्या हातांशी ती किती जवळची आहे! एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी त्याच फुलात हात पाहिले.

श्रीलंकेत सिंहलीत नियंगला. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल. तो देश दक्षिण ऱ्होडेशिया असताना, १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाला तिथल्या शाळकरी मुलांकडून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता.

१७. नावातच बाळंतकळा आहेत, तर बाळंतपणात कंद बांधायला किंवा लेप लावायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि मोठी आहे. नाव पूर्वीच्या माणसांचा अनुभव सांगतं, आजच्यासाठी मात्रा सांगत नाही. कोणत्या कंदात किती विष आहे ते पाहून कळत नाही. कळा सुरू करायच्या असतील तर रुग्णालयात त्यासाठी मोजून देता येणारी औषधं आहेत, आणि काही बिघडलं तर सांभाळणारी माणसंही. गर्भनुत् या नावातला दुसरा अर्थही विसरू नका. हीच वेल गर्भपातासाठी वापरली गेली आहे आणि त्यात बायका मेल्या आहेत.

सरकारी नियमही तेच सांगतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ई-१ परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यात लांगली आहे. अशी द्रव्यं असलेली औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात.

१८. चुकून कंद किंवा बी खाल्ली गेली तर? नुसता हात लागला तर?

खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. काही तास बरं वाटतं, म्हणून लोक थांबतात, आणि तीच चूक ठरते. मग पोटदुखी, उलट्या, जुलाब सुरू होतात. त्यानंतर रक्तपेशी घटणं, मूत्रपिंडं आणि हृदयावर परिणाम, आणि वाचलेल्या माणसाचे एकदोन आठवड्यांनी केस गळणं, असा क्रम असतो. घरी उलटी करवू नका, दूध-तुपाचे उतारे देत बसू नका. वेलीचा तुकडा किंवा फोटो सोबत न्या आणि नाव सांगताना "कळलावी, ग्लोरिओसा सुपर्बा" असं सांगा. "बचनाग" म्हणू नका (का ते प्रश्न ११ मध्ये). कंद रताळ्यासारखा, कोनफळासारखा वाटल्याने खाल्ला जातो. पाऊस संपल्यावर वेल वाळलेली असते आणि ओळख पटत नाही, तेव्हा रानातून अनोळखी कंद आणूच नका.

फुलाला, पानाला हात लागल्याने विषबाधा होत नाही. कंद हाताळला असेल तर हात साबणाने धुवा, काहींच्या कातडीची आग होते.

१९. पण हिच्यापासून औषध बनतं असं वाचलं. मग ती विषारी कशी?

दोन्ही खरं, आणि कारण एकच. कोल्चिसीन पेशींचं विभाजन रोखतं. गाऊट या सांधेदुखीवर डॉक्टर ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत देतात. बियांमध्ये ते भरपूर असतं, म्हणून तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी कळलावीची लागवड करतात. वनस्पतींच्या पेशींत गुणसूत्रं दुप्पट करण्यासाठीही हेच रसायन वापरतात. बिनबियांचं कलिंगड त्या वाटेने आलं. गोळीत मात्रा ठरलेली असते, कंदात ठरलेली नसते.

२०. शाळेच्या बागेत पाटी लावायची आहे. कोणतं नाव लिहू?

वर मोठ्या अक्षरांत "कळलावी", खाली "गौरीचे हात", त्याखाली "ग्लोरिओसा सुपर्बा", आणि वेगळ्या ओळीत "सर्व भाग विषारी". अग्निशिखा हे नाव सुंदर आहे म्हणून एकट्याने लिहू नका. त्यातून मुलांना इशारा मिळत नाही. प्राथमिक शाळेच्या आवारात, जिथे मुलं मातीत खेळतात, तिथे ही वेल लावूच नये असं माझं मत आहे. पाटी वाचता न येणारी मुलंही तिथे असतात.

२१. आमच्या गावात यातलं एकही नाव नाही, वेगळंच आहे. ते चुकीचं धरायचं का?

अजिबात नाही. गावातलं नाव तिथल्या माणसांनी ठेवलेलं असतं, ते चुकीचं ठरवायचा अधिकार कुठल्याही यादीला नाही. फक्त तेच नाव शेजारच्या गावात दुसऱ्या झाडाला असू शकतं, वाघनखीचं उदाहरण वर आलंच आहे. म्हणून नाव पाठवताना गाव आणि तालुका लिहा. नाव फुलाला आहे, कंदाला की सगळ्या वेलीला, तेही लिहा. ते कोण वापरतं, गुराखी, शेतकरी बायका की वैद्य, आणि वर्षातल्या कोणत्या दिवसांत, हे विचारून घ्या. फोटोत पानाचं वळलेलं टोक आणि काटकोनातली दांडी दिसू द्या.

घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना "ही कोणती कळ?" एवढंच विचारा आणि ते जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा.